एका हंगामाची मजुरी, हजार वर्षांचे झाड



काही आठवड्यांपूर्वी युवक-युवतींच्या बैठकीत मी अमेरिकेतील एका कामाची हकीकत सांगितली. तिथल्या उंच डोंगरांत काही तरुण मुले-मुली उन्हाळ्याचे तीन-चार महिने तंबू ठोकून राहतात आणि मरत चाललेले पाईनचे जंगल पुन्हा उभे राहावे म्हणून राबतात. ते जे रोप लावतात त्याला भरपूर बी धरायला साठ ते ऐंशी वर्षे लागतात. माझे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "फादर, त्यांना पगार मिळतो ना? मग त्यात एवढं काय?" सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या शेजारी बसलेली मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "बी येईल तेव्हा ते नसणारच. मग झाड जगलं काय नि मेलं काय, त्यांना काय फरक पडतो?"

त्या दिवशी मी वेळ मारून नेली. पण ते दोन्ही प्रश्न मनातून जाईनात. प्रश्न साधे होते, आणि साध्या प्रश्नांची उत्तरे देताना सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान कधी कधी अपुरे पडते. ज्याचे फळ आपण पाहणार नाही ते काम आपण मनापासून का करावे? आणि ते काम आपण फक्त एक हंगाम करणार असू तर? आज या पानावर मी त्या दोघांना उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. आधी ती हकीकत नीट सांगायला हवी, कारण उत्तर तिच्यातच दडलेले आहे.

झाड आणि पक्षी

या झाडाचे नाव व्हाईटबार्क पाईन, म्हणजे पांढऱ्या सालीचा पाईन. अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम भागातील रॉकी, कॅस्केड आणि सिएरा नेवाडा या पर्वतांवर, जिथे इतर झाडे हार मानतात अशा उंचीवर तो वाढतो. वारा, बर्फ, खडकाळ जमीन हेच त्याचे घर. तो अतिशय सावकाश वाढतो. वयाच्या वीस-तीस वर्षांच्या सुमारास त्याला पहिले शंकू येतात, आणि साठ ते ऐंशी वर्षांचा झाल्यावर तो भरघोस बी देऊ लागतो. पुढे मात्र तो शेकडो वर्षे जगतो. हजार वर्षांहून अधिक वयाची झाडेही आढळली आहेत.

या झाडाची एक गंमत आहे. इतर अनेक पाईनच्या बियांना पंख असतात, त्या वाऱ्यावर उडून जातात. याच्या बियांना पंख नाहीत, आणि याचा शंकू पिकल्यावर आपोआप उघडतही नाही. मग बी जमिनीत जाते कसे? कावळ्याच्या कुळातला क्लार्क्स नटक्रॅकर नावाचा एक राखाडी पक्षी आहे. तो लांब, टोकदार चोचीने शंकू फोडतो, जिभेखालच्या पिशवीत शंभराहून अधिक बिया भरतो आणि दूर नेऊन थोड्या थोड्या जमिनीत पुरून ठेवतो. एका हंगामात एकच पक्षी अशा हजारो बिया लपवतो. हिवाळ्यात आणि वसंतात तो त्या शोधून काढतो. त्याची स्मरणशक्ती विलक्षण आहे, पण सगळ्याच बिया काही तो परत नेत नाही. मागे राहिलेल्या बियांतून नवी झाडे उगवतात. डायना टॉमबॅक या संशोधिकेने 1970 च्या दशकापासून या पक्ष्याचा आणि झाडाचा संबंध अभ्यासला. त्या डोंगरांवरचे हे पाईनचे रान जवळजवळ सगळे या पक्ष्याने पेरलेले आहे.

या एका झाडावर पुष्कळांचे पोट आहे. बियांत भरपूर चरबी असते. खारी शंकू गोळा करून ढीग लावतात आणि ग्रिझली अस्वले हिवाळ्यापूर्वी ते ढीग उकरून खातात. सॅलिश आणि कूटेनाई या आदिवासी समाजांच्या आहारातही या बिया पिढ्यान्‌पिढ्या होत्या. शिवाय उंचावरच्या झाडांच्या सावलीत बर्फ हळूहळू वितळतो, त्यामुळे खालच्या ओढ्यांना उन्हाळ्यात उशिरापर्यंत पाणी राहते. डोंगरमाथ्यावरचे झाड पाहण्यासाठी जे कधीच वर गेले नाहीत, त्यांच्या शेतालाही ते पाणी पुरवत असते.

तांबेरा

1910 च्या सुमारास कॅनडातील व्हँकुव्हर बंदरात फ्रान्सहून पाईनची रोपे आली. त्या रोपांबरोबर एक बुरशी आली. आपले शेतकरी ज्याला तांबेरा म्हणतात त्याच जातकुळीचा हा रोग. तो पाच-पाच सुयांचे झुबके असणाऱ्या पाईनना धरतो, फांदीतून खोडाकडे सरकतो आणि शेवटी झाडाला गळफास लावल्यासारखे करून मारतो. युरोप-आशियातील त्याच्या ओळखीच्या झाडांनी त्याच्याशी जुळवून घेतले होते, अमेरिकेतल्या झाडांना त्याची ओळखच नव्हती. ज्यांनी ती रोपे मागवली त्यांच्या मनात पाप नव्हते. त्यांना जंगलच वाढवायचे होते.

पुढे आणखी संकटे आली. वणवा दिसला की विझवायचा, असे धोरण अनेक दशके चालले. त्यामुळे सावलीत वाढणारी दुसरी झाडे दाटली आणि उन्हाची गरज असलेला हा पाईन गुदमरला. हिवाळे सौम्य होऊ लागले तसे खोड पोखरणारे भुंगेरे वरच्या थंड उंचीवरही तग धरू लागले. 2000 नंतरच्या दशकात त्यांनी अफाट नुकसान केले. अमेरिकन सरकारच्या नोंदीनुसार 2016 पर्यंत त्या देशातील उभ्या व्हाईटबार्क पाईनपैकी निम्म्याहून अधिक झाडे मेलेली होती. कॅनडाने 2012 साली या झाडाला संकटग्रस्त ठरवले, आणि डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेनेही त्याला संरक्षित प्रजातींच्या यादीत घेतले.

हंगामी कामगार काय करतात?

मेलेल्या झाडांच्या गर्दीत कुठे कुठे एखादे झाड हिरवेगार उभे असते. आजूबाजूचे सगळे तांबेऱ्याने गेले, हे मात्र टिकले. कदाचित त्याच्या रक्तातच प्रतिकारशक्ती असेल. अशी झाडे शोधून, त्यांना क्रमांकाची पट्टी लावून, त्यांचे बी जमवणे हे या कामाचे मूळ आहे.

उन्हाळा सुरू होताच, जून-जुलैमध्ये, कामगार दोर बांधून झाडाच्या शेंड्यापर्यंत चढतात. शंकू शेंड्याजवळच येतात. प्रत्येक झुबक्यावर ते तारेच्या जाळीची पिशवी घालतात. असे केले नाही तर पक्षी आणि खारी एकही बी शिल्लक ठेवणार नाहीत. सप्टेंबरच्या सुमारास पुन्हा चढून, जाळी सोडवून, डिंकाने चिकट झालेले जांभळट शंकू उतरवायचे. जाळी घालणारा आणि शंकू उतरवणारा एकच असेल असे नाही.

दुसरी एक तुकडी निरोगी झाडांच्या खोडांवर लहान पुड्या ठोकत जाते. त्या पुड्यांतून येणारा वास भुंगेऱ्यांना सांगतो, "हे घर भरले आहे, दुसरीकडे जा." भुंगेरे स्वतः एकमेकांना हाच संदेश देतात, माणसाने तो त्यांच्याकडून उसना घेतला आहे. हे काम दर वर्षी नव्याने करावे लागते. आणखी काही जण दुर्बीण घेऊन एकेका झाडाची तपासणी करतात. किती फांद्यांवर रोगाच्या गाठी आहेत, साल उंदरांनी कुरतडली आहे का, शेंडा जिवंत आहे का, हे सगळे कागदावर टिपायचे. दिवसभर डोंगर चढायचा आणि संध्याकाळी तंबूत बसून मेलेल्या झाडांची बेरीज करायची. हे सोपे नाही.

गोळा केलेले बी इडाहो राज्यातील कर डलेन किंवा ओरेगन राज्यातील डोरेना अशा सरकारी केंद्रांत जाते. तिथे त्यातून रोपे तयार करतात आणि त्यांतील काहींना मुद्दाम तांबेऱ्याच्या बीजाणूंखाली ठेवून कोण टिकते ते पाहतात. ही परीक्षा अनेक वर्षे चालते. लावण्याची रोपे साधारण दोन वर्षे रोपवाटिकेत वाढवून डोंगरावर नेतात. रोप मोकळ्यावर लावत नाहीत. एखादा दगड, बुंधा किंवा पडलेला ओंडका पाहायचा आणि ऊन-वाऱ्यापासून त्याच्या आडोशाला खड्डा करायचा. मुळे सरळ खाली सोडायची, माती दाबायची, पुढच्या दगडाकडे जायचे.

थोडक्यात, बी झाडावर असल्यापासून नवे झाड बी देईपर्यंत कितीतरी हात लागतात. त्यांपैकी बहुतेक हात सरकारी नियमाने सहा महिन्यांहून कमी काळासाठी नेमलेले असतात. यंदा आलेला पुढच्या वर्षी येईलच असे नाही. जाळी घालणाऱ्याला रोप दिसत नाही, रोप लावणाऱ्याला शंकू दिसत नाही.

"पगार मिळतो ना?"

आता पहिला प्रश्न घेऊ. हो, पगार मिळतो आणि मिळायलाच हवा. चांगल्या कामाचे कौतुक करत कामगाराला कमी मोबदला देणे ही जगातली जुनी लबाडी आहे. "हे तर सेवेचे काम" असे म्हणून कोणाच्या मजुरीवर हात मारू नये. तेवढे त्या मुलाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

पण पगार कशाचा मिळतो? तासांचा. लावलेल्या रोपांच्या संख्येचा. आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. दिवस मावळायला आला आहे, पाठ दुखते आहे, थैलीत शेवटची काही रोपे उरली आहेत. खड्डा जरा उथळ झाला आणि मुळे आत दुमडली, तरी वरून रोप तितकेच सरळ दिसते. मुकादमाला ते कळणार नाही. रोप मरेल ते पुढे केव्हातरी, आणि तेव्हा ते कोणी लावले होते हे शोधायला कोणी येणार नाही. सरळ मुळांचे रोप आणि दुमडलेल्या मुळांचे रोप, दोन्हींचा पगार सारखाच. मग जो थकलेला असूनही पुन्हा कुदळ उचलतो आणि खड्डा दोन बोटे खोल करतो, त्याला त्या दोन बोटांचे पैसे कोण देतो?

कोणी देत नाही. ते पैशात मोजताच येत नाही. पगाराने माणसाचा वेळ विकत घेता येतो, त्याची काळजी विकत घेता येत नाही. काळजी ही नेहमी त्याने स्वतः होऊन दिलेली असते. हे फक्त जंगलात खरे आहे असे नाही. वर्गात शिकवणारी बाई, रात्रपाळीची परिचारिका, भिंतीच्या आत वायर ओढणारा इलेक्ट्रिशियन, यांच्या कामातही अशी न दिसणारी दोन बोटे असतातच. माणसाचा प्रामाणिकपणा तिथे राहतो.

"त्यांना काय फरक पडतो?"

त्या मुलीचा प्रश्न अधिक खोल आहे. तो थोर तत्त्वज्ञांनाही पडला होता. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने 1784 साली मानवी इतिहासावर एक निबंध लिहिला. त्यात त्याला एका गोष्टीचे कोडे पडले. आधीच्या पिढ्या राबतात, इमारतीचे एकेक थर चढवतात, आणि त्या इमारतीत राहण्याचे भाग्य मात्र सर्वांत शेवटच्या पिढीला मिळते. हे विचित्र नव्हे काय? कांटच्या मते ते कोडे असले तरी टाळता येण्याजोगे नाही. माणूस मरतो, मानवजात राहते.

हे उत्तर मला कधी पुरते पटले नाही. त्यात राबणारा माणूस केवळ पायातला दगड होऊन जातो. दुसरे एक उत्तर अॅरिस्टॉटलकडे मिळते. त्याने माणसाच्या कृतीचे दोन प्रकार केले. एक म्हणजे घडवणे. घर बांधणे, जोडा शिवणे. या कृतीचा हेतू तिच्या बाहेर असतो. घर उभे राहिले नाही तर बांधणे फसले. दुसरा म्हणजे वागणे. खरे बोलणे, न्यायाने वागणे, मित्राला साथ देणे. या कृतीचा हेतू तिच्यातच असतो. ती चांगली केली की ती पूर्ण झाली.

आता रोप लावणे हे यांपैकी कोणते? मला वाटते, ते दोन्ही आहे. जंगल घडवण्याचे काम म्हणून पाहिले तर ते ऐंशी वर्षे अपुरेच राहणार. पण वागणूक म्हणून पाहिले, तर माती दाबून तो कामगार उठला त्या क्षणी ते पूर्ण झाले. त्याने त्या रोपाशी, त्या डोंगराशी आणि अजून जन्मालाही न आलेल्या माणसांशी जसे वागायला हवे तसे तो वागला. याला साठ वर्षांनी कोणाच्या शिक्क्याची गरज नाही. म्हणजे झाड जगल्याने त्याला फरक पडतो की नाही, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न येतो. रोप नीट लावल्याने तो कोण झाला?

आणखी एक गोष्ट. हे काम कोणावर उपकार म्हणून होत नाही. नीतिशास्त्रात भरपाई नावाचे एक कर्तव्य आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे की दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती असेल तर ती परत करावी लागते, मग ती आपण घेताना आपला काही दोष नसला तरी. 1910 साली रोपे मागवणारे आज हयात नाहीत. वणवे विझवणाऱ्यांनीही चांगल्याच हेतूने ते विझवले. पण त्या व्यापाराचा, त्या लाकडाचा, त्या सुरक्षिततेचा फायदा पुढच्या पिढ्यांनी घेतलाच. वारशाने घर मिळाले तर घरावरचे कर्जही मिळते. डोंगरावरचा हा तरुण कामगार एका अर्थाने आजोबांचे कर्ज फेडतो आहे. ज्यांना त्या घराचा लाभ झाला त्या सगळ्यांच्या वतीने तो ते फेडतो, म्हणून त्याचा पगार सार्वजनिक पैशातून जातो हे योग्यच आहे.

आणि श्रम वायाच गेले तर?

पण इथे थांबलो तर मी तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. कारण याहून कठीण प्रश्न शिल्लक आहे. फळ आपल्याला दिसणार नाही हे एक वेळ सोसता येते. फळ येणारच नसेल तर?

असे एकदा झालेले आहे. तांबेऱ्याची ही बुरशी आपले आयुष्य पुरे करण्यासाठी दोन झाडांवर अवलंबून असते. एक पाईन आणि दुसरे मुख्यतः करंट किंवा गूजबेरीच्या कुळातले झुडूप. तेव्हा शास्त्रज्ञांनी विचार केला की झुडपेच उपटली तर रोग थांबेल. 1933 पासून, महामंदीच्या काळात, सरकारने बेकार तरुणांच्या छावण्या उघडल्या. त्यांतल्या अनेकांना हेच काम मिळाले. डोंगरउतारांवर रांगेत चालत ती मुले झुडपे मुळासकट उपटत गेली. छावण्या बंद झाल्यानंतरही दर उन्हाळ्यात हंगामी कामगार हे करत राहिले. कोट्यवधी झुडपे उपटली गेली. आणि 1960 च्या दशकात सरकारी वनखात्याला कबूल करावे लागले की पश्चिमेकडच्या डोंगरांत या उपायाचा उपयोग होत नाही. मुळांचे तुकडे पुन्हा फुटत होते, आणि बुरशीचे बीजाणू वाऱ्याबरोबर फार दूर जात होते. काम थांबले.

त्या मुलांना आपण काय सांगायचे? "तुमची जवानी वाया गेली" असे?

मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटते, खोटा दिलासा देऊ नये. जंगल वाचवण्याच्या हिशेबात त्यांचे श्रम बहुतांशी वाया गेले, हे खरेच आहे. ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्या काळी जे उत्तम ज्ञान होते त्यावर विसंबून त्यांनी नेमून दिलेले काम केले. घरी भुकेल्या कुटुंबांना पैसे पाठवले. त्यांच्या वागण्यात खोट नव्हती. खोट तेव्हा झाली असती, जेव्हा उपाय चालत नाही हे कळूनही कोणी केवळ अब्रूसाठी तो चालू ठेवला असता. चूक मान्य करून थांबणे हेही नैतिक काम आहे. अनेकदा ते सुरुवात करण्यापेक्षा अवघड असते.

त्या अपयशाच्या काळातच दुसरी वाट उघडत होती. 1950 च्या सुमारास इडाहोत काही वनशास्त्रज्ञांनी याच पाईनच्या एका भावंडाच्या, वेस्टर्न व्हाईट पाईनच्या, मेलेल्या रानात उभ्या राहिलेल्या एकेकट्या निरोगी झाडांकडे लक्ष वळवले. शत्रूला उपटत बसण्याऐवजी जे टिकले आहे त्याचे बी जपावे, हा विचार तिथून पुढे आला. आज जाळी घेऊन शेंड्यावर चढणारी मुले त्याच वाटेने चालली आहेत. आणि हेही खरे की त्यांच्याही यशाची हमी कोणी देऊ शकत नाही. हवामान तापते आहे. आज लावलेले रोप ऐंशी वर्षांनी ज्या हवेत उभे असेल ती हवा आजची नसेल. हे त्या मुलांना ठाऊक आहे. तरी ती चढतात. आशा याहून वेगळी काय असते? सगळे चांगलेच होईल अशी ज्याला खात्री आहे त्याला आशेची गरज नसते.

साखळी कोणी राखायची?

शेवटी एक मुद्दा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक हंगाम नीट काम करणे ही कामगाराची जबाबदारी. पण एका हंगामानंतर दुसरा हंगाम येईल, दुसरे हात येतील, हे पाहणे ही त्याची एकट्याची जबाबदारी असू शकत नाही. ती समाजाची आहे. माणूस सत्तर-ऐंशी वर्षे जगतो, समाज त्याहून जास्त जगतो, म्हणून लांबची कामे समाजाने अंगावर घ्यायची असतात.

सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने जाहीर केले की पैशाच्या तुटवड्यामुळे पुढच्या वर्षी, आग विझवणारे सोडून, हंगामी कामगार जवळजवळ घेतलेच जाणार नाहीत. सरकारी पैसा मर्यादित असतो, कुठेतरी काटछाट करावीच लागते, हे मला समजते. पण या झाडाला दर वर्षी सारखे बी येत नाही. भरघोस बी काही वर्षांतून एकदा येते. त्या उन्हाळ्यात चढायला माणूस नसेल तर ती संधी पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहत थांबत नाही. मध्ये एक कडी तुटली की आधीच्यांनी लावलेले क्रमांक, केलेल्या नोंदी, ठोकलेल्या पुड्या हे सारे अधांतरी राहते.

म्हणून मी असे म्हणेन की इथे दोन कर्तव्ये आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. काम करणाऱ्याने फळाकडे न पाहता काम करावे, हे त्याने स्वतःला सांगायचे आहे. काम देणाऱ्याने हेच वाक्य त्याला ऐकवून स्वतः मोकळे होऊ नये. काम देणाऱ्याने फळाकडे पाहिलेच पाहिजे, साठ वर्षे पाहत राहिले पाहिजे. निष्काम वृत्ती कामगाराला शोभते. ती खजिनदाराला शोभत नाही.

आता त्या दोघांकडे परत येतो. मागच्या बाकावरच्या माझ्या मित्रा, हो, त्यांना पगार मिळतो, आणि तरीही दोन बोटे खोल खणलेला तो खड्डा ही त्यांनी दिलेली देणगी आहे. आणि मुली, तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर असे. झाड जगले तर फरक पडतो तो अस्वलाला, पक्ष्याला, खालच्या ओढ्याला आणि आपण ज्यांची नावे जाणत नाही अशा माणसांना. त्यांना फरक पडतो हे ज्याला आज पुरेसे वाटते, तो माणूस त्या रोपाआधीच वाढलेला असतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी आजोबा-पणजोबांनी लावलेल्या झाडाचा आंबा खाल्ला आहे. लावणाऱ्याने तो चाखला होता का, हे आपण कधी विचारले नाही. या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या रोजच्या कामात ती न दिसणारी दोन बोटे कुठे आहेत? आणि दुसऱ्या कोणी सुरू केलेले कोणते काम माझ्या हाती आले आहे, जे माझ्या हातून तुटता कामा नये?

आपला,
प्रमुख धर्मगुरू